लांबून सरकवलेला तांब्या

आई, त्या दोन दिवसांत तू कुणाला हाक मारली होतीस का? मला आठवत नाही, आणि बाबांना विचारलं की ते उठून जातात.

तू पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसली होतीस. सगळ्यांना वाटलं, पाळी आली म्हणून नेहमीसारखी बाजूला बसली आहेस, म्हणून जवळ कोणी गेलंच नाही. मी पाण्याचा तांब्या लांबून सरकवला, तर म्हणालीस, "काही नाही गं, जरा कळ येतेय. शिवू नकोस, आत्या ओरडेल." भिंतीला टेकलेला तुझा चेहरा पांढरा पडला होता. तिसरं मूल नको म्हणून तू दुकानातून गुपचूप गर्भ पाडायच्या गोळ्या मागवल्या होत्यास आणि रक्त जाऊन दोन दिवसांत गेलीस, हे मावशीने मला मी पदवीधर झाल्यावर सांगितलं. तोवर आम्ही दोघी बहिणी सांगत होतो, आई तापाने गेली.

यंदा दिल्लीत, मयूर विहारच्या खोलीवर माझी पाळी चुकली. मूल आत्ता नको, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. दवाखान्याची पायरी चढायला मात्र वेळ लागला. सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मार्ग समजावले: गोळ्या, नाहीतर नळीने गर्भपिशवी रिकामी करणं. मी गोळ्या निवडल्या. त्या म्हणाल्या, "दर्द होगा, खून भी जाएगा. पर घंटे में दो पैड भीगें और दो घंटे यही चले, या बुखार न उतरे, तो सोचना मत बेटा, सीधे आ जाना. और बाद में रोना आए या चैन पड़े, दोनों ठीक है." आई, एवढं तुला कोणीच सांगितलं नव्हतं.

खोलीतली मैत्रीण जालन्याची. दिवसभर माझ्या कमरेला गरम पाण्याची पिशवी धरून बसली. "आज भांडी मी घासते मॅडम, पण रोज नाही हं," म्हणाली. ती मला शिवत होती, आणि मला रडू येत होतं ते त्याचंच. नंतर सुटल्यासारखंही वाटलं. अजून मेट्रोत कुणाचं तान्हं बाळ दिसलं की मी नजर वळवते. चुकलं असं वाटत नाही, तरी वळवते.

काल धाकटीला फोन करून दोन्ही सांगितलं, तुझं आणि माझं. ती म्हणाली, "ताई, तुला दुखलं का गं?"

तुझंच "काही नाही गं" ओठावर आलं होतं. मी "हो, खूप" म्हणाले.