अखिल हिंदुस्थानचा कांदा

अनसिंग. ज्येष्ठ शु. १०, शके १८५९.
गोपीचंद अडत्या आज रिकामी बैलगाडी घेऊन दारात आला. मागच्या खोलीतला सगळा कांदा उचलतो म्हणाला. भाव बरा होता. मी नाही म्हटलं. नागपूरच्या पेपरातला मार्केट रिपोर्ट ज्याने पेन्शनीत बसल्यापासून एक दिवस चुकवला नाही, तो दारात आलेल्या पहिल्या गाडीला भुलत नसतो. प्रयागबाई चुलीपुढून म्हणाली, "देऊन टाका ना. अंजीले बाळंतपनाले त्याच खोलीत निजवाचं हाये." न गळणारी खोली घरात तेवढी एकच, हे खरं. मळ्यात कांदा लावला, भिजवला, काढला तोही तिनेच, हेही खरं. पण आमची लेक अंजना धनजच्या सासरहून यायची ती आषाढ शुद्ध दशमीला. तोवर देशाची परिस्थिती पालटलेली असेल.
निश्चय: घाई करायची नाही.

ज्येष्ठ पौर्णिमा. सकाळी.
थिअरी पूर्ण झाली! आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. पुढे चातुर्मासात कांदा बंद, म्हणून त्या दिवशी घरोघर भजी, थालीपीठ, झुणका. चार महिन्यांचं खाणं एका दिवसात! हिंदुस्थानची वस्ती पस्तीस कोटी. त्यातून शास्त्री, जैन, विधवा आणि बोळकी माणसं वजा केली. उरलेल्यांनी दोन-दोन कांदे खाल्ले तरी नाशिकचा सप्लाय पुरत नाही. लाहोर, कलकत्ता, मद्रास, सगळीकडून एकाच दिवशी डिमांड! फक्त रंगूनविषयी शंका. ब्रह्मदेश सरकारने यंदाच वेगळा काढला. ते लोक नवमी अजून पाळतात की सोडली, याचा पेपरात खुलासा नाही.
प्रयागबाई वड पुजून आली. तिला थिअरी समजावली. तिने हातातलं पूजेचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "सात जन्माचं मांगून आली मी आत्ताच. जरासं थांबाले पायजे होतं."

ज्येष्ठ व. ५.
पाऊस लागला. शाळा आठवली. पत्र्यावर सरी, चौथीची पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, मी टेबलावर छडीने ताल धरलेला. कसले आवाज होते एकेकाचे! क्रमिक पुस्तकात कमळावर कविता, मोगऱ्यावर कविता. कांद्यावर एकही नाही. अन्याय. मीच लिहायला बसलो. यमकं सापडली: बांधा, चांदा, वांधा. शेवटचं गाळलं.
प्रयागबाई म्हणते, खोलीत वास येतो. कांद्याला वास असणारच. गुलाब थोडाच आहे?

ज्येष्ठ व. ११.
गोपीचंद पुन्हा आला. भाव निम्म्यावर. "मास्तर, माल ओलावून राह्यला. आज देता तं द्या, मंग मले नाई पायजे." मी नुसता हसलो. जो जैन माणूस जन्मात कांदा खात नाही, त्याला डिमांड काय कळणार?
खालच्या थराला कोंब आलेत. हिरवेगार, सुंदर. चैतन्याचं लक्षण आहे.

आषाढ शु. २.
प्रयागबाई माझ्याशी बोलत नाही. कांद्यांशी बोलते. दिवसभर खोलीत बसून सडका वेगळा, चांगला वेगळा करते. आपणही हातभार लावावा म्हणून दुपारी खिडकी उघडून ठेवली. हवा खेळती राहिली. पाऊसही खेळला. दोन ढीग भिजले.
पेपर चार दिवस आला नाही. माझा मार्केटवरचा ताबा मात्र सुटलेला नाही.

आषाढ शु. ६.
धनजहून माणूस निरोप घेऊन आला. अंजनाचे पाय सुजलेत. सुईण म्हणते, दिवस भरत आले, आता थांबू नका. एक दिवस आधीच निघतात. नवमीला पोचतील.
मग शांतपणे प्लॅन आखला. नवमीला सकाळी विक्री, दुपारी खोली सारवणे, संध्याकाळी लेक. कुठे अडचण आहे?
प्रयागबाई दारात आडवी उभी राहिली. "आजच इका, नाई तं फेका. काईबी करा. मले खोली पायजे." मी म्हटलं, तीन दिवस. मार्केटचा धीर बायकांना नसतो.

आषाढ शु. ९. कांदेनवमी. सकाळी सहा.
गाडी भरली. काही पोत्यांतून पाणी ठिबकतंय. ते झाकायला वर चांगला माल घेतला. खोलीत अजून बराच उरलाय, तो दुसऱ्या खेपेला. आज सारा देश जेवायला बसणार!

दुपारी.
स्टेशनाजवळच्या अडतीत गोपीचंदने एक पोतं उघडलं नि उपरणं नाकाला लावलं. म्हणाला, "मास्तर, माही वॅगन ज्येष्ठातच रवाना झाली. ज्याले आज खायाचं त्यानं कालच घेतला. अन् उद्यापासून इथं कांद्याले कोन हात लावते?" मी शांतपणे कलकत्त्याच्या डिमांडबद्दल विचारलं. त्याने दोन हमालांना जवळ बोलावलं आणि मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मी विचारला. मग म्हणाला, "कांदेनवमी आपल्याच मुलखात हाये, मास्तर. कलकत्त्याले काय मालूम?" हमाल पोट धरधरून हसले. एक तर खाली बसला.
नोंद: थिअरी बरोबर होती. कलकत्ता चुकलं.

संध्याकाळी.
गाडी भरलेली तशीच परत आणली. दारात धनजचा छकडा उभा. अंजना उंबऱ्यापर्यंत आली, तोंडाला पदर लावला, तिथेच बसून ओकली. पोटात कळ आली म्हणाली. मी खोलीकडे धावलो. भुईवर पाय ठरेना, सगळा चिखल. सारवायचं कुठे?
शेजारची हौसाबाई कोणाला न विचारता आत आली. "चाल वं माय माह्या घरी," म्हणत तिने अंजनाला काखेत हात घालून उठवलं. प्रयागबाई कंदील घेऊन मागे निघाली. मीही निघालो. तिने वळून पाहिलं. "तुमी नोका येऊ."
मी खोली उपसतो आहे. टोपलीने.

आषाढ शु. १०. सकाळी.
मुलगी झाली. दोघी सुखरूप. रात्री अंजनाचं अवघड होतं म्हणतात. मला कोणी सांगायला आलं नाही.
अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेलो. नातीच्या कानात म्हणायला दोन ओळी जुळवल्या होत्या. हौसाबाईने दारातच हात आडवा केला. "तिथूनच पाहा, मास्तर. लय वास मारून राह्यले तुमी. लेकरू शिंकते." प्रयागबाईने आतून दुपट्याचं टोक उचललं. दुरून एवढीशी मूठ दिसली. तेवढ्यात ती खरोखरच शिंकली. दार लोटून घेतलं.
विहिरीवर जाऊन पुन्हा अंघोळ केली. हिंगणबेटाच्या फेसाने, मग राखेने. हात हुंगून पाहतो आहे.