फुगडीची परवानगी

प्रिय मृणाल,

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. माझं लग्न होऊन मी अष्टमीला आले आणि तू अजून निडीलाच होतीस, तेव्हा लिहायचो. दोन स्टेशनांचं अंतर नाही आणि पत्रं कसली पाठवता म्हणून तुझे दादा हसायचे. नंतर तू पेणची झालीस, फोन आले, पत्रं गेली. आज पुन्हा लिहितेय. फोन का केला नाही ते शेवटी सांगते.

आधी तब्येतीचं, कारण ते तू विचारशीलच. नाक उत्तम आहे. उशीवर डोकं टेकलं की दोन्ही नाकपुड्यांतून वारा सरळ आत जातो आणि मला अजून त्याचं नवल वाटतं. आमचे निकेश म्हणतात, तुझं घोरणं थांबलंय, आता शिफ्टवरून आल्यावर शांत झोप लागते. वीस वर्षं तोंडाने श्वास घेत काढली मी. नाकाचं हाड वाकडं आहे, नाकाचं हाड वाकडं आहे, एवढंच ऐकत आले. फुगडीच्या तिसऱ्या फेऱ्याला धाप लागायची आणि मी तुझे हात सोडून खाली बसायचे. शेवटी तूच मागे लागलीस. "आमच्या डॉक्टरांना दाखव गो एकदा, मी काऊंटरवर बसलेय तोवर तुला रांग नाय लागायची." तुझ्यामुळे मी ऑपरेशनला तयार झाले, हे मी विसरणार नाही. यापुढे जे लिहिणार आहे ते लिहितानाही विसरले नाही.

तो पहिला आठवडा आठवतो का तुला? नाकात कापसाचे बोळे, डोळे सुजलेले, दोन उशांवर डोकं. तू रोज ड्युटी संपली की माझ्या खाटेशी यायचीस. चमच्याने पेज भरवलीस. डॉक्टरांनी दिलेला कागद मला वाचून दाखवलास आणि एकेक गोष्ट घोकून घेतलीस, शाळेत पाढे घोकायचो तशी. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. दोन आठवडे घरातल्या घरात फिरायचं, मग बाहेर चालायचं. गाणं म्हणायचं तर आधी हळू. आणि फुगडी, झिम्मा, उड्या, गिरक्या हे सगळं सहा आठवड्यांनी, तपासून झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तरच. फुगडीत कुणाचं कोपर लागलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं ते म्हणाले होते. तेव्हा तू मला म्हणालीस, "सहा आठवडे म्हणजे पेणच्या मंगळागौरीच्या स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी. बसतंय बघ बरोबर."

मी ते सहा आठवडे कसे पाळले ते सासूबाईंना विचार. एकदाच चुकले. नवव्या दिवशी बादली उचलायला वाकले आणि मोरीत रक्ताचे थेंब पडले. सासूबाईंनी आरडाओरडा केला. मी तुला फोन लावला, तू डॉक्टरांना विचारलंस, बर्फ लावून बसून राहायला सांगितलंस, थांबलं. तेव्हापासून मी अशी घाबरले की चप्पलसुद्धा पायानेच सरकवून घालत होते. तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी पुलावरून रोह्याच्या बाजूला जायचे आणि परत यायचे. पाचव्या आठवड्यात झपझप चालायला लागले. चालताना मनातल्या मनात आपली गाणी म्हणायचे, पायांना ठेका द्यायचे. समोरून येणारी माणसं बघायची. बघेनात का. बेचाळीस वर्षांच्या बाईला आयुष्यात स्वतःची म्हणून एकच मजा आहे, निडीच्या माहेरवाशिणींनी रविवारी शाळेच्या ओट्यावर जमायचं आणि नाचायचं. त्यात पुढची जोडी तुझी नि माझी. सातवीत होतो तेव्हापासून.

सहा आठवडे पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, उगाच हेलपाटा नको, म्हणालीस. "मी त्यांना फोनवर विचारलं गो. आतली जखम ओली हाय म्हणाले. अजून दोन महिने तरी फुगडी नाय. मान खाली घालून गिरकी घेतलीस तर त्या दिवसासारखं होईल, नि यावेळी बर्फाने नाय थांबायचं." मला ते थेंब आठवले. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरत बसले, म्हणजे कुणी विचारू नये डोळ्यांना काय झालं.

स्पर्धेला मी आले होते. पेणच्या त्या सभागृहात तिसऱ्या रांगेत, नाकावर रुमाल धरून. पडदा उघडला आणि तुझ्यासमोर माझ्या जागी अपेक्षा उभी होती. तू मला सांगितलं नव्हतंस की जागा तुझ्या लेकीला देणार आहेस. नंतर म्हणालीस, ऐनवेळी ठरलं, दुसरं कोण होतं? मी म्हटलं, छान केलंस. आणि खरंच छान नाचली गं पोरगी. लग्न मोडल्यापासून सहा महिने खोलीचं दार लावून बसलेली, जेवायला हाक मारली तरी येत नव्हती, ती तिथे हसत होती. केस सुटले, तरी थांबली नाही. टाळ्या सगळ्यात जोरात मी वाजवल्या. शेजारची बाई विचारायला लागली, तुमची मुलगी का? मी म्हटलं, मैत्रिणीची, पण माझीच.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. गौरी-गणपती झाले, नाकात जरा खपली धरल्यासारखं वाटत होतं, म्हणून पेणला आले. गुरुवारी तुझी सुट्टी असते हे माझ्या लक्षातच नव्हतं. काऊंटरवर ऋतुजा नावाची नवीन मुलगी होती. तिने कागद काढून दिला, मी आत गेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाले, "एकदम मस्त. खपली काही नाही, मिठाच्या पाण्याचा फवारा चालू ठेवा. फुगडी का सोडलीत?" मी म्हटलं, तुम्हीच तर नको म्हणालात. त्यांनी बॅटरी खाली ठेवली. म्हणाले, "मी? मी तर तुमच्या मैत्रिणीला दोनदा विचारलं, सहा आठवडे झाले, तुमच्या प्रणिताताई तपासायला का येत नाहीत? तपासून लगेच सुरू करायला सांगणार होतो. त्या म्हणाल्या, तुमचाच नाचायचा विचार राहिला नाही." मी विचारलं, तुम्ही बाहेरगावी होतात ना? ते हसले. त्या महिन्यात एक दिवसही दवाखाना बंद नव्हता म्हणाले.

मृणाल, मी तिथे तुझी लाज राखली. म्हटलं, हो, माझाच विचार बदलला होता. त्यांनी कागदावर लिहून दिलं की आठवडाभर नुसत्या टाळ्या नि गाणं, मग हळू गिरक्या, मग सगळं काही. तो कागद घेऊन मी स्टेशनवर येऊन बसले. रोह्याची गाडी आली, गेली. मी पुढच्या गाडीने आले.

का केलंस ते मला समजलं. स्टेशनवर बसल्या बसल्याच समजलं, फार डोकं चालवावं लागलं नाही. तुला लेकीला खोलीबाहेर काढायचं होतं. मागच्या रांगेत उभी राहा म्हटलं असतं तर ती आली नसती; आईसमोर, आईचे हात धरून आली. आई म्हणून तू चुकलीस असं मी म्हणणार नाही. पण तू मला विचारलं का नाहीस? मी हसत हसत जागा दिली असती असं खोटं लिहीत नाही. तू मला ओळखतेस, मी फुगले असते, चार दिवस फोन उचलला नसता, निकेशवर चिडले असते. आणि मग दिली असती. निदान नाही म्हणायची संधी तरी माझी होती. तू मला माझ्याच नाकाची भीती घातलीस. ज्या रक्ताने मी घाबरले होते, ते एकट्या तुला फोन करून मी सांगितलं होतं. तेच तू वापरलंस. दुसऱ्या कुणी मला फसवलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी कसं भांडायचं ते मला येत नाही. आणि आता मला पेजेचा चमचासुद्धा आठवून बघावा लागतो, तो तरी खरा होता ना म्हणून. हे सगळ्यात वाईट झालं.

परवा रविवारी अपेक्षा माझ्याकडे आली होती. तुला सांगून आली की नाही ते मला माहीत नाही. एकटी गाडीत बसून अष्टमीपर्यंत आली, हेच मोठं. कोजागिरीला आपल्याला पनवेलला बोलावलंय, ते सांगत होती. चहा घेता घेता म्हणाली, "मावशी, ती जागा तुमची हाय. तुम्हाला बरं नव्हतं म्हणून मी उभी राहिले. आता तुम्ही या. मला असं वाटतं, मी कुणाच्या आजारपणावर नाचतेय." मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" डॉक्टरांचा कागद माझ्या हाताशी कपाटात होता. तो काढून दाखवला असता तर तिने घरी येऊन तुला एकच प्रश्न विचारला असता, आणि त्यानंतर पुन्हा त्या खोलीचं दार लागलं असतं. मी म्हटलं, "अजून दोन महिने नाय म्हणालेत गो. तूच नाच." ती माझ्या गळ्यात पडली.

म्हणून हे पत्र, मृणाल. तुझं खोटं आता माझंही झालंय, आणि ते तुला ठाऊक असायला हवं. कोजागिरी माझ्या हातून मीच घालवली. पण दोन महिने संपले की मी ओट्यावर येणार आहे, आणि अपेक्षासमोर उभी राहणार आहे. तिला तसं सांगितलंय, तिला आनंद झालाय. तू तुझ्यासाठी दुसरी जोडीदारीण बघ. तिला खरं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, माझ्या तोंडून ती कधी ऐकणार नाही. फोन केला नाही कारण तुझा आवाज ऐकला असता तर मी तिथल्या तिथे माफ केलं असतं, आणि मला अजून माफ करायचं नाही. कधी करेन ते माहीत नाही. तोवर घरी येऊ नकोस. शेवटी ‘तुझीच’ लिहायला घेतलं होतं. त्यातला ‘च’ हातून उतरत नाही.

तुझी
प्रणिता