कोयत्याची सवय

सोमवार, दिवेलागण

आज दाबाच्या हवेवर चालणारी करवत माझ्याच हातात होती. दुष्काळानं ऊस न्हाई, म्हणून बंद कारखान्याच्या जुन्या पाइपा कापायचं काम निघालंय. पातं बदलायला मी हवेचा कॉक बंद केला. नळी काढणार, तेवढ्यात आमच्या ऊसतोड टोळीतले सिरसाळ्याचे दगडूनाना धार बघायला पात्याला अंगठा लावू लागले, कोयत्याला लावतात तसा.

मी त्यांचा हात झटकला. "काऊन रं?" नाना खेकसले.

मी करवत बाजूला धरून बटण दाबलं. नळीत उरलेल्या हवेनं पातं खटखट हललं. नाना अंगठ्याकडं बघतच राहिले.

"उद्या मला शिकीव," म्हणाले.

शिकवीन की. लई नीट शिकवीन. पण आत्ता कांदा चिरताना माझाच अंगठा धार बघायला सुरीच्या पात्यावर गेला. त्या अंगठ्याला कोण शिकवणार?