त्या गाण्यातली चार आवर्तनं

अप्पा,

गेल्या आठवड्यात धाकटीचा फोन आला होता. तिची मुलगी मृदंग शिकते आहे, तुमच्याच मृदंगावर, आणि तिला आजोबांचा आवाज ऐकायचा आहे. "अक्का, तुझ्याकडे अप्पांची एक कॅसेट होती न? त्या पापनाशमच्या मुलीसाठी पाठ भरलेली? काढ की गे." मी म्हटलं, "तिला बुरशी लागली होती. टाकून दिली." आपल्याकडच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी लागतेच, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही. तुमच्या आवाजाची दुसरी नोंद कुठेच नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. आणि त्या कॅसेटला बुरशी लागली नव्हती, हे फक्त मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजात शिकवून परतल्यावर मी त्या कॅसेटवर मुळात भरलेला अल्बम मोबाइलवर शोधला. एवढ्या वर्षांत एकदाही शोधला नव्हता. एका परदेशी बँडचा तो अल्बम. त्यांचे आधीचे आणि नंतरचे अल्बम लोकांना आठवतात; हा मधला कुणी फारसा विकत घेतला नाही, कुणी त्याबद्दल लिहिलंही नाही. खरं सांगायचं तर पहिली बाजू मलाही आता जड गेली. कारखान्यात पत्रा ठोकावा तसे ढोल, त्यावर वर्तमानपत्रातले मथळे ओरडून वाचणारा एक माणूस. एकोणिसाव्या वर्षी मला तो फार शहाणा वाटायचा. आता तो दमलेला वाटतो. पण दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं आणि मी हातातली भाजी खाली ठेवली. खाली जाड, सावकाश चालणारा बास, वर लोखंडाचा ठोका, आणि एकेक वाद्य काढून घेतलं जातं. आधी गिटार, मग ढोल, मग बाससुद्धा. मागे उरतो नुसता पडसाद, तोही विरतो. मग काही नाही.

तिथे तुम्ही घसा खाकरायला हवा होता.

मी एकोणीस वर्षांची आहे, तिरुचीच्या हॉस्टेलमधून शनिवारी घरी आले आहे. ही कॅसेट मागच्या खेपेला इथेच विसरले होते. टेपरेकॉर्डर लावते, तिसरं गाणं येतं, सगळं शांत होतं, आणि त्या शांततेतून तुम्ही खाकरता. "हं. आता हातावर ताळ धर. तकदिमि तकजोणु..." तुमचा गुडघा सुजला होता, पापनाशमला शिकवायला जायची गाडी पकडणं जमत नव्हतं, म्हणून त्या मुलीचा पाठ तुम्ही कॅसेटवर भरला होता. कोरी जागा बघून. तिण्णैच्या ओट्यावरून लंगडत आत आलात, चेहरा खुललेला. "बरा आलाय न गे आवाज?"

"अप्पा, हे काय केलंत! ते गाणं संपलं नव्हतं. ते मधेच थांबतं, तसंच आहे ते!"

"थांबलं होतं गे. चार आवर्तनं मोजली मी. मग बटण दाबलं."

"तुम्हाला काही कळत नाही तर हात कशाला लावता?"

आई स्वयंपाकघराच्या दारात सांबाराचा डाव घेऊन उभी राहिली. "कुणाशी बोलतेस तू?" तुम्ही तिला हातानेच गप्प केलंत. मग म्हणालात, "सरि, बरं. तुझी वस्तू आहे. विचारायला हवं होतं." एवढंच. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही सुजलेल्या गुडघ्यानिशी गाडीने पापनाशमला जायला लागलात. टेपरेकॉर्डरला पुन्हा हात लावला नाहीत. मलाही पुन्हा कधी "बस, वाजव" म्हणाला नाहीत, आणि मीही मृदंगापाशी बसले नाही.

मोबाइलवर गाणं ऐकलं त्या दुपारी मी मांडीवर हात ठेवला आणि आदि ताल धरला, तुम्ही शिकवला होता तसा: टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. गाण्याची लय सोडली नाही. शांतता चार आवर्तनं टिकते, अप्पा. पुरती चार. पाचव्याच्या समेवर ढोल परत येतात, इतक्या जोरात की मी दचकले. तुम्ही चार मोजलीत आणि नेमकं तिथेच बटण दाबलंत. ढोलांच्या नंतर नाही, ढोलांबरोबर. कोरी जागा शोधणारा माणूस कान देऊन बघतो आणि थांबतो. त्याला आवर्तनं मोजायचं कारण नसतं. तुम्ही ते गाणं ऐकत होता. कदाचित पूर्ण बाजू ऐकली असेल. मी इतकी वर्षं मित्रमैत्रिणींना हा किस्सा हसत सांगत आले, माझ्या भोळ्या बापाचा किस्सा म्हणून. हेही मान्य करते की मी आता स्वतःला बरं वाटावं म्हणून त्यात जास्त अर्थ भरत असेन. मोजणं तुमची सवयच होती; तुम्ही नळाखाली भरणाऱ्या बादलीचीही आवर्तनं मोजायचा.

पण पुढचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. सोमवारी मी कॅसेट हॉस्टेलवर नेली. ज्या मैत्रिणीकडे मूळ कॅसेट होती तिच्याकडून ती पुन्हा घेतली, दोन टेपरेकॉर्डर जोडले, आणि ते गाणं तुमच्या आवाजावर परत भरलं. नीट भरलं. अभिमान वाटला होता मला. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आज सकाळी मी धाकटीला फोन करून खरं सांगितलं. मागे तिची मुलगी काहीतरी वाजवत होती, हात अजून कच्चा आहे. मग धाकटी म्हणाली, "खोटं कशाला बोललीस गे माझ्याशी? मी काय खाणार होते तुला?" आणि पुढे, "बरं, कॅसेट गेली ती गेली. त्यात काय शिकवलं होतं ते तरी सांग. तिला तेवढंच लिहून देते."

घरात मराठी बोलतात सगळे, पण शिकले तमिळ शाळेत; हे मराठी अक्षर तुमच्यामाझ्याशिवाय कुणाला वाचता यायचं नाही, त्यामुळे हे पत्र वहीत राहिलं तरी काही बिघडत नाही. मी तिला म्हटलं, फार वर्षं झाली, आता आठवत नाही. पुन्हा खोटंच बोलले, अप्पा. विसरण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. "तकजोणु"च्या पुढे मी ऐकलंच नव्हतं.