तीनच्या खेळाचा राक्षस

३ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसला जाताना थिएटरवर नवा बोर्ड पाहिला. बावीस तारखेपासून जुन्या ब्लॅक अँड व्हाइट राक्षसपटांचा आठवडा. पहिल्या दिवशी, शनिवारी तीनच्या खेळाला, स्टेजवरच्या शवपेटीतून एक जिवंत राक्षस उठणार. इच्छुकांनी मॅनेजरला भेटावं.

मी इच्छुक आहे.

कारण इथे लिहून ठेवतो, कारण ही डायरी कोणी वाचत नाही. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा, याच थिएटरात आम्ही दोघांनी असाच एक सिनेमा पाहिला. पेटीचं झाकण उघडून राक्षसाचा हात बाहेर आला आणि हिने माझा हात असा काही घट्ट पकडला की विचारू नका. मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे. हा प्रसंग मी आजवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलाय, काहींना दोनदा. पण त्यानंतर ही कशालाच घाबरलेली नाही. पालीला नाही, आमच्या साहेबाला नाही, मला तर नाहीच. एकदा, फक्त एकदा, तिने पुन्हा तशी घाबरून माझा हात धरावा एवढीच इच्छा आहे.

निश्चय: बावीस तारखेपर्यंत घरात कोणालाही कळू द्यायचं नाही.

संध्याकाळी ६.१०
हिला कळलं. बूट पुसताना एकटाच का हसताय, असं तिने विचारलं. सांगावंच लागलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
अभ्यास सुरू. माळ्यावरून जुन्या सिनेमासिकांचा गठ्ठा काढला. राक्षसांची कामं करणारा माझा सगळ्यात आवडता नट (मी मनातल्या मनात त्याला उस्ताद म्हणतो) एका मुलाखतीत सांगतो, की शूटिंग चालू असेपर्यंत तो घरीसुद्धा हसत नसे. चेहरा सैल पडतो म्हणे. याला म्हणतात तपश्चर्या.

निश्चय: आजपासून हसणं बंद.

सकाळी ११.४०
साहेबांनी विनोद केला. हसलो. नोकरी आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मॅनेजरला भेटलो. माणूस तीस वर्षं तिकीटखिडकीत बसत होता, त्यामुळे अजूनही वाकून, भोकातून बघितल्यासारखा बघतो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वेळ फारसा लागला नाही. उंची किती, असं विचारलं. भीती टेपने मोजत नाहीत, असं मी बाणेदारपणे सांगितलं. तो म्हणाला, ते खरं, पण पेटी टेपनेच मोजलीय.

वाईट बातमी. माझा मेहुणाही इच्छुक आहे. सहा फूट एक इंच, आवाज रिकाम्या टाकीतून आल्यासारखा, भुवया जन्मजात जुळलेल्या. मला फोन करून म्हणाला, भाऊजी, तुम्ही कशाला त्रास घेता, तुम्ही आपले पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवा. हिचा भाऊ म्हणून ऐकून घेतलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
निवड झाली! माझी!

पेटी जुन्या तिकीटखिडकीच्या फळ्यांची केलीय. लांबी साडेपाच फूट. मेहुणा आत झोपला तर त्याच्या नडग्या बाहेर राहिल्या. गुडघे दुमडले तर झाकण बसेना. मी झोपलो आणि झाकण अलगद बसलं, शिवाय डोक्याशी उशीपुरती जागा उरली. मॅनेजर लगेच म्हणाला, हाच आपला राक्षस.

माझ्या डोळ्यांत त्याला काहीतरी दिसलं असणार. मूर्ती लहान पण कीर्ती महान ते हेच.

घरी हिला सांगितलं. ती उजव्या हातातलं घड्याळ बघत म्हणाली, बरं झालं, आता कपडे दोरीवरून काढून आणा.

१० नोव्हेंबर, सोमवार
मेकअपचं रहस्य सापडलं. मासिकात लिहिलंय, की ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर प्रेताचा फिकेपणा यावा म्हणून उस्ताद तोंडाला चक्क हिरवा रंग लावायचा. लोकांना हे माहीतच नसतं. मेहुण्याने पांढरी पावडर थापली असती.

नाटकाचं सामान विकणाऱ्याकडून हिरव्या रंगाची डबी आणली. दुकानदाराने विचारलं, झाडाचं काम आहे का? सुटे पैसे मोजून घेतले आणि निघालो.

संध्याकाळी रंग लावून बसलो. नात आली. वय वर्षं सहा. दारात थबकली, नीट पाहिलं आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही दुधी भोपळा झालात? मग स्वतःलाही रंग लावून घेतला. मला गुरगुरायला सांगितलं. गुरगुरलो. पुन्हा करा म्हणाली. अकरा वेळा केलं. मग ती पडद्यामागून येऊन स्वतः गुरगुरली. मी बेसावध होतो, म्हणून जरा खाली बसावं लागलं. हिने पाणी दिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
विचार केला. दोष रंगाचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. लोक मला रंगीत बघतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघितलं तर बोबडी वळेल. हे हिला सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

पुरावा हवा. ऑफिसचं झेरॉक्स मशीन ब्लॅक अँड व्हाइट आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ९.२०
कोणी यायच्या आत पोचलो. रंग लावला. चेहरा काचेवर ठेवला, डोळे वटारले, बटण दाबलं.

भयंकर! अप्रतिम! पिचकलेलं नाक, डोळ्यांच्या खोल खोबण्या, कबरीतून उठल्यासारखा रंग. कागद हातात घेतल्यावर मला स्वतःला क्षणभर टेबलाचा आधार घ्यावा लागला. कलावंत म्हणून, अर्थात.

दुपारी ३.००
काच पुसायची राहिली. आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. आज 'मंगळवारी पाणी येणार नाही' या नोटिशीच्या चारशे प्रती निघाल्या. प्रत्येकीवर मजकुराच्या मागून माझा चेहरा, अंधुक.

दुपारी ४.३०
साहेबांनी आत बोलावलं. फोन वाजायचा थांबत नाही म्हणाले. लोक विचारतायत, नोटिशीवर हा कोण आहे आणि मंगळवारी नेमकं काय होणार आहे? एका बाईंनी तर भीतीने आत्तापासूनच बादल्या भरून ठेवल्यात. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी मान खाली घालून उभा होतो, पण आतून उकळ्या फुटत होत्या. चारशे घरं हादरली! मेहुण्याला सात जन्मांत जमणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मूळ झेरॉक्स हिच्यासमोर ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. तिने चष्मा लावला. कान छान आलाय म्हणाली. मग कागदाची मापाने घडी घालून तो चमच्यांच्या खणात अंथरला.

पिकतं तिथं विकत नाही. बावीस तारखेला बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार
स्टेजवर तालीम. मॅनेजरची योजना अशी: दिवे गेले की मी पेटीत. सिनेमा सुरू होणार. बारा मिनिटांनी पेटीचा सीन येतो, तिथे तो प्रोजेक्टर थांबवणार, येऊन पेटीवर तीनदा ठोकणार, आणि मी झाकण उघडून उठायचं. सोपं आहे.

आज दोन मिनिटं झाकण लावून बघायचं ठरलं. वीस सेकंदांनी मी उघडलं. बिजागरी तपासायला. बिजागरी उत्तम आहे. सहा वेळा तपासली. मॅनेजर म्हणाला, आत काही त्रास होतो का? मी म्हटलं, हवेशीर आहे.

निश्चय: शनिवारी खिशात छोटी बॅटरी ठेवायची. भीती म्हणून नाही. अंधारात घड्याळ दिसत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हाफ डे टाकून दुपारी सिनेमाची ट्रायल पाहिली. मॅनेजर, मी आणि रिकाम्या खुर्च्या. उस्तादाचं काम काय वर्णावं! निदान जेवढं पाहिलं तेवढं. मधे मधे डोळ्यांना विश्रांती दिली, हल्ली चष्म्याचा नंबर वाढलाय. पेटीच्या सीनला नेमकी चपलेची पट्टी सुटली, ती लावायला खाली वाकलो. बराच वेळ लागला.

संध्याकाळी ५.००
हिने विचारलं, भर दिवसा बाथरूमचा दिवा का लावलात? म्हटलं, दाढी करतोय. ती म्हणाली, दाढी सकाळी झाली की. माणसाने दिवसातून दोनदा दाढी करू नये, असा कुठे कायदा आहे?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पुढच्या रांगेत तीन जागा राखून ठेवल्या. ही, नात, मेहुणा. माझ्या जागेवर मेहुणा टाळ्या वाजवणार, देव न्यायी आहे.

जेवताना हिने विचारलं, आत बारा मिनिटं राहाल ना नीट? मी हसलो. (नियम मोडला, पण प्रसंगच तसा होता.) तिला सांगितलं, की तुला घाबरल्यासारखं झालं तर लाजू नकोस, ओरड, मी पेटीतून ऐकतोय. बरं म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी १.४५
रंग लावला. दोन थर. चेहरा सैल नाही. बॅटरी घेतली. आज इतिहास घडणार.

संध्याकाळी ६.३०
आज काही लिहिणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहितो. कोणी वाचत तर नाहीच.

पेटीत गेलो. झाकण लागलं. सिनेमा सुरू झाला. एक गोष्ट मॅनेजरने मला सांगायला हवी होती, की स्पीकर नेमका माझ्या डोक्यामागे आहे. वारा घोंघावायला लागला. दार करकरलं. कुत्रं रडलं. हे सगळं रेकॉर्ड केलेलं आहे हे मला माहीत होतं. बॅटरी लावली. त्या उजेडात मला स्वतःचे हिरवे हात दिसले, बॅटरी बंद केली. मग पावलं ऐकू आली. एकेक. जवळ. थांबली. आणि कोणीतरी बाहेरून पेटीवर ठोकलं. तीनदा.

तीनदा ठोकण्याबद्दल काहीतरी ठरलं होतं, हे मला नंतर आठवलं.

मी ओरडलो. मॅनेजर सांगतो, त्याच्या तीस वर्षांत त्या हॉलमध्ये अशी किंकाळी झाली नाही. मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. मेहुणा खुर्चीतून खाली घसरला, हे नातीने डोळ्यांनी पाहिलंय आणि मी ते विसरू देणार नाही. मॅनेजरने झाकण वर ओढलं. मी खाली ओढलं. तो वर, मी खाली. बिजागरी उत्तम आहे, हे मी आधीच लिहिलंय.

मग बाहेरून हिचा आवाज आला. अहो, मी आहे, सोडा ते.

सोडलं. झाकण उघडलं. ही स्टेजवर उभी होती. मी तिचा हात धरला आणि पायऱ्यांवरून खाली आलो. लोक इतका वेळ टाळ्या वाजवत होते की मॅनेजरला सिनेमा पुन्हा सुरू करता येईना. नात मेहुण्याच्या मांडीवर गेली आणि मी हिच्या शेजारी बसून पूर्ण सिनेमा पाहिला. हात सोडला नाही.

आज सकाळी चहा घेताना मी विषय काढला. म्हटलं, काल तू एकतीस वर्षांपूर्वीसारखीच घाबरली असणार, नाहीतर स्टेजवर धावत आली नसतीस. हिने उजवा हात पुढे केला. मनगटावर नखांच्या चार लाल खुणा. मग तिने घड्याळाचा पट्टा सोडला. त्याखाली एक जुनी, पांढरी, चंद्रकोरीसारखी बारीक खूण. ही तेव्हाची, म्हणाली.

मी म्हटलं, तेव्हा तर तू माझा हात धरला होतास. मीच तुला म्हणालो होतो ना, घाबरू नकोस, मी आहे?

ती म्हणाली, म्हणालात की. डोळे गच्च मिटून म्हणत होतात. सारखं तेच. मला वाटलं, स्वतःलाच सांगताय, मधे कशाला बोला.

एकतीस वर्षं का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तुम्हाला ती गोष्ट सांगायला किती आवडायचं, असं म्हणून तिने पट्टा पुन्हा लावला आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला. मी चष्मा काढून पुसला, दोनदा. गरम होता चहा.

सकाळी ११.१५
मॅनेजर घरी येऊन गेला. हॉल रात्रीपर्यंत माझ्याबद्दलच बोलत होता म्हणे. आठवडाभर मी रोज तीनच्या खेळाला यावं अशी त्याची विनंती आहे. पेटीत नको. पेटी आता दोन फुटांनी लांब करतोय, त्यात मेहुणा झोपणार. मी शेवटच्या रांगेत बसायचं आणि पेटी उघडली की कालच्यासारखं ओरडायचं. म्हणाला, राक्षस काय, कोणीही होतं, असं ओरडणारा मिळत नाही.

विचार केला. यात तथ्य आहे. कोणी घाबरलंच नसतं तर उस्तादाला कुत्र्याने विचारलं नसतं. होकार दिला.

निश्चय: उद्यापासून रोज सकाळी आवाजाचा सराव. ओरडताना डोळे उघडे ठेवायचे.

दुपारी २.००
ही रोज सोबत येणार आहे. या वेळी मात्र तुमच्या उजव्या बाजूला बसेन म्हणाली, म्हणजे डावा हात देता येईल, उजव्यावर आता जागा उरली नाही. अट एकच.

नखं कापली. दहाही.