शंभरात सत्त्याण्णव

मंगळवार, ३ सप्टेंबर
काल लिहिलं की पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत मी कशालाच हात लावला नाही. ते चूक आहे. बेसिनवरच्या बाटलीतल्या साबणाने हात धुतले होते. रोजनिशीत खोटं नको, ही आत्याची शिकवण. शाळेत घालण्याआधी तिनेच मला घरी शिकवलं, डबाभर बटणं निवडायला लावून. सारखी दिसणारी दोन बटणंसुद्धा उलटून बघ म्हणायची.

जागा छान आहे, भरपूर उजेड. काम बटणांचंच. जिवाणूंच्या जनुकांची अक्षरं संगणकावर जुळवायची. शंभरात सत्त्याण्णव जुळली की एक गट. सरावासाठी आम्हा आठ जणांच्या तळहातांवरचेच नमुने घेतले. गट निघाले दोनशे बारा. किती मजा!

गुरुवार, ५
साहेब शहाण्णवलासुद्धा गटात ढकलतात. वर म्हणतात, झालंच की. एकटीदुकटी अक्षरमाळ दिसली तर ती यंत्राची चूक, पुसून टाकायची. मी विचारलं, न तपासता? तर सगळे हसले. तंत्रज्ञबाई म्हणाल्या, ताई, जिवाणूंची लग्नं जुळवायचीत का तुला, पत्रिका बघत बसलीस ती?

आणि हीच विद्वान मंडळी साबण संपत आला की बाटलीत पाणी घालून हलवतात. महिनोन्‌महिने तीच बाटली. जिवाणूंचे अभ्यासक म्हणे! मी घरून साबणाची वडी आणली.

मंगळवार, १०
नवे नमुने. गट फक्त सतरा. संगणक चुकला असेल म्हणून हाताने जुळवलं. चूक नाही. बाटलीतल्या पाण्याचाही नमुना घेतला. तिथला एकच जिवाणू त्या सातही जणांच्या हातांवर पसरलाय, त्यांचे बाकीचे संपले. उरलेले सोळा गट माझ्या हातावरचे. साहेबांना सांगितलं. म्हणाले, बरंच झालं, काम कमी झालं. ठोंब्या.

शुक्रवार, १३
आज साहेबांनी तो पत्रिकेचा विनोद केला. तंत्रज्ञबाईंच्या आवाजात. कुणालाच नवल वाटलं नाही. जेवताना सातही जणांनी घास एकदम उचलला. योगायोग म्हणून पुन्हा बघितलं. तीनदा.

सोमवार, १६
आता तळहातांचेच गट दोन. ते सात, आणि मी.
सगळे एका सुरात म्हणाले, एकटी असते ती चूक असते, ताई. मग मला बेसिनपाशी ओढत— मी कशीबशी सुटले. पण हात ओले झाले. त्या साबणाने.

मंगळवार, १७
माझा तळहात त्यांच्याशी ताडून बघितला. सकाळी एक्क्याऐंशी. संध्याकाळी नव्वद. अक्षरं बदलतायत.
आत्याला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय?

बुधवार, १८
ठरलं. ते बैठकीला गेले की बाटलीत ब्लीच. माझे हातही ब्लीचमध्ये, कोपरापर्यंत. मग मूळ नमुने घेऊन आत्याकडे—
आत्ता पुन्हा जुळवलं. शहाण्णव. म्हणजे अजून मी वेगळी—
शहाण्णव म्हणजे झालंच की, ताई.
वरची ओळ मी लिहिलेली नाही. चूक आहे. खोडते.
गुरुवार, १९ सप्टेंबर. सकाळी दहा. गट एक. आम्ही आठ.