गेटमधली कोरडी जागा

३ जुलै
आलो एकदाचे कराडला! सांगलीच्या दोन खोल्यांतून थेट बंगला. भाड्याचा का असेना, बंगला तो बंगला. मी इथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणार, आमची ब्राह्मी बालवाडीत जाणार आणि नवरोबा, म्हणजे सम्मेद, सांगलीचं दुकान सांभाळून शनिवारी उगवणार. सगळ्यात भारी आहे ते रिमोटवर सरकणारं गेट. दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला सेन्सरचे डोळे आहेत. मध्ये कुणी आलं की लाल दिवा लागतो आणि गेट बंद होत नाही. समोरच्या रस्त्यावरून मुरमाचे डंपर सुसाट जातात आणि आमची पोर दार उघडं दिसलं की पळते. म्हणून तर हे घर घेतलं.

१२ जुलै
पाऊस आला की गेट रुसतं. निम्मं सरकतं, परत उघडतं. दिवा लाल, मध्ये चिटपाखरू नाही. काच पुसली. सेन्सरच्या डबीत मुंग्यांनी संसार थाटला होता. हार्डवेअरचा दुकानदार म्हणाला, फवारा मारा. आम्ही जैन, ऐन चातुर्मासात मी फवारा मारून जीव घेणार? बसले मऊ ब्रशनं एकेक मुंगी बाहेर काढत, कंबरेचा काटा ढिला झाला. गेटवर ढिम्म परिणाम नाही.

१६ जुलै
प्लास्टिकची बाटली कापून डोळ्यांना छपरं केली, डबीच्या फटी बुजवल्या, दोन्ही डोळे पुन्हा समोरासमोर जुळवले. उघडीप असली की सगळं ठणठणीत, सर आली की लाल. शेवटी गेटवाला इंद्रजित आला. मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, सेन्सर चांगला हाय मॅडम, त्याला कोणतरी दिसतंय. माझा नुसता संताप झाला. आयुष्य गेलं सर्किटं तपासण्यात आणि हा मला सांगतोय, कोणतरी दिसतंय!

१९ जुलै
आज छत्री घेऊन गेटपाशीच ठाण मांडलं. सगळं काँक्रीट भिजलेलं, पण दोन खांबांच्या मधोमध पाटाएवढी जागा कोरडी ठाक. वर झाड नाही, पत्रा नाही. मी तिथं हात धरला. हातावर एक थेंब पडला नाही, बोटं मात्र गारठली.

ब्राह्मीला सांभाळायला येणाऱ्या बनुबाईंना दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही याचाच मला राग आला. म्हणाल्या, लय वर्सं हाय त्यो. गेट उगडं हाय तवर भाईरच थांबतोय, ताई. त्येच्यावर बंद करू नगा. मग रस्त्याचं काय, असं विचारलं तर ब्राह्मीला उचलून आत गेल्या.

२२ जुलै
ब्राह्मी रस्त्यावर गेली. उघड्या गेटातून. डंपरवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून आज माझी पोर घरात आहे.

बास झाले हे लाड. सेन्सर काढून टाकला आणि गेटच्या तारा डायरेक्ट जोडल्या. असलं काही करू नका म्हणून मी वर्गात पोरांवर ओरडत असते. पण गेट पावसात पहिल्यांदा नीट बंद झालं. बनुबाईंनी ते बघितलं, तोंडाला पदर लावला आणि निघून गेल्या. जाऊ देत.

२३ जुलै
धो धो पाऊस. ती कोरडी जागा गेटमध्ये नाही.
गेटच्या आत आहे. माझ्या स्कूटीच्या मागे.

२४ जुलै
पायरीपाशी. गेट सताड उघडलं, जा म्हटलं, हात जोडले. हलत नाही. सम्मेदला फोन केला तर म्हणतो, तुझी झोप झाली नसेल. ब्राह्मीला ताप आहे. बनुबाई फोन उचलत नाहीत.

२५ जुलै, सकाळ
अंगणात कोरडी जागा कुठेच नाही! सगळीकडे पाणी. सुटले बाई. ब्राह्मीला कडेवर घेऊन गरगर फिरले.
मग लक्षात आलं. घरात पाऊस पडत नाही. घरात सगळंच कोरडं. तो कुठे उभा आहे हे आता कसं —

दुपार
सम्मेद निघालाय. पेठ नाक्याला पाणी आहे म्हणे, वेळ लागेल. तापलेल्या पोरीला घेऊन या पावसात स्कूटीवर जाऊ कशी —
काढलेला सेन्सर बेडरूमच्या चौकटीला लावला. दोन्ही बाजूंना डोळे. दिवा हिरवा. ब्राह्मी झोपलीय. मी कॉटशेजारी खाली बसून दाराकडे बघत लिहितेय.
हिरवा.
हिरवा.
लाल —
दारात कुणी नाही. लाल. अजून लाल —
हिरवा झाला. मागे गेला, की आत —
ब्राह्मी झोपेतच भिंतीकडे सरकली. अर्धी उशी मोकळी सोडून. ती अशी सरकते फक्त कुणी शेजारी येऊन —